वरचा तास

रत्नप्रभा बसमधून खाली उतरली आणि तिला वाटलं, आपण भलत्याच ठिकाणी उतरलो. समोर पिवळ्या रंगाच्या चार मजली इमारती होत्या, त्यांच्या मधून नाला गेला होता, नाल्यावर सिमेंटचे दोन पाइप टाकून केलेला पूल होता, आणि या सगळ्यावर ऊन पडलं होतं. डोंगराला दगडखाणीनं जिथं चावा घेतला होता त्या खाचेतून ते येत होतं, तिरकं, तुपाच्या रंगाचं, आणि गच्चीवरच्या टाक्यांपासून खालच्या पायऱ्यांवर वाळत टाकलेल्या पापडांपर्यंत सगळ्यांना सारखंच लागत होतं. तिची वसाहत अशी नव्हती. तिची वसाहत करड्या रंगाची होती. तिच्यात खिडक्यांचे चौकोनी दिवे असत, टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज असे, नाल्याचा वास असे, आणि अंधारात पायाखाली येणारा एक ठरावीक दगड असे, जो ती चार वर्षं रोज संध्याकाळी न बघता ओलांडत आली होती. रविवारी दिवसाउजेडी ती इथं असायचीच, पण रविवार म्हणजे धुणं, दळण, रेशन. रविवारी मान वर करून बघतंय कोण?

"बाई, लास्ट स्टॉप," कंडक्टर मागच्या पायरीवरून म्हणाला. "उतरलात ना? मग जरा बाजूला व्हा. गाडी वळवायचीय."

ती बाजूला झाली. मनगट वळवून घड्याळ पाहिलं. सहा वीस. घड्याळ बंद पडलं असेल म्हणून कानाला लावलं, तर ते चालू होतं. अंधेरीहून वसाहतीपर्यंत थेट लिमिटेड गाडी सुरू होणार अशी नोटीस एक नंबरच्या इमारतीच्या भिंतीवर पंधरा दिवस लागलेली होती, आणि ती खरी ठरेल असं वसाहतीत कुणालाच वाटलं नव्हतं, तिलाही नाही. आज सोमवारी मरोळच्या नाक्यावर लाल आकड्याची ती रिकामी गाडी समोर येऊन थांबली तेव्हा ती कुणीतरी ढकलल्यासारखी आत चढली होती. एरवी मरोळहून घाटकोपर, घाटकोपरला रांग, तिथून मुलुंडचा डेपो, आणि डेपोपासून अंधारात पंचवीस मिनिटं पायपीट. साडेसात. कधी पावणेआठ. आज पवईचा तलाव खिडकीतून सरकला, भांडुपच्या कारखान्याची उंच चिमणी सरकली, गाडी मधल्या थांब्यांकडे बघतसुद्धा नव्हती, आणि पन्नास मिनिटांत हे ऊन. रत्नप्रभानं बोटं मोजली. एक तास दहा मिनिटं. भाजीवालीनं वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखा कुणीतरी तिच्या पिशवीत एक तास टाकला होता, आणि तिला कळेना की तो कशात घालायचा.

घरी जायला हवं होतं. दोन नंबरची इमारत, तिसरा मजला. चालत दोन मिनिटं. पण घरात तिची वाट साडेसातला बघत. सुलक्षणा, तिची तेरा वर्षांची मुलगी, सातपर्यंत शिकवणीला असे. नवरा, दशरथ, ठाण्याच्या एका वर्कशॉपात पहिल्या पाळीला होता. तो चारलाच घरी येई आणि मग खुर्चीत बसून राही. संपाच्या आधी तो लालबागला गिरणीत मागावर होता, मंडळाच्या सभेत बोलणारा, कुणाच्याही दारात 'अरे ये बाहेर' म्हणून हाक मारणारा माणूस. गिरणी गेली, खोली गेली, बोर्डाचं हे डोंगराखालचं घर मिळालं, आणि दशरथ गप्प झाला. भांडला नाही, प्यायला नाही, नुसता आत जाऊन बसला, जसा घरातला माणूस आतल्या खोलीत जाऊन कडी लावतो. फक्त एक गोष्ट तो करायचा. सव्वासातला उठून गॅसवर चहा ठेवायचा, आणि रत्नप्रभा दारात चपला काढत असताना चहा कपात पडत असायचा. दिवसभरात त्या दोघांमध्ये तेवढंच काय ते होतं. आज आपण सहा वीसला दारात उभ्या राहिलो तर तो खुर्चीत असेल, चहा नसेल, आणि तो दचकून आपल्याकडे बघेल. त्या बघण्याची तिला भीती वाटली. शिवाय, तिनं स्वतःशी कबूल केलं, तिला जायचंच नव्हतं.

ती इमारतींच्या मागं खाणीच्या कडेला गेली. खाण बंद होऊन वर्षं झाली होती. कापून तसेच सोडलेले दगड पडले होते, उन्हानं तापलेले. एकावर ती बसली. समोर काहीच नव्हतं. हे तिला फार आवडलं. कारखान्यात आठ तास तिच्यासमोर दुधी काचेचा पेटलेला चौकोन असे, अर्धा पांढरा, अर्धा काळा, आणि त्याच्यापुढं ती इंजेक्शनच्या बाटल्या धरून उलट्यासुलट्या करी. आत एखादा कण तरंगतोय का, केस, काचेचा तुकडा, काही. दिवसाला साडेतीन हजार बाटल्या. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत कण तरंगत. इथं समोर डोंगर होता, डोंगरावर गवत होतं, गवतात म्हशी होत्या, आणि त्यातलं काही तपासून बाजूला काढायचं नव्हतं. ऊन खाचेतून हळूहळू ओसरलं. ती साडेसातला उठली, पदर झटकला, घरी गेली. चहा कपात पडत होता. "गाडी मिळाली?" दशरथनं विचारलं, रोजच्यासारखं. "मिळाली," ती म्हणाली, आणि खोटं न बोलताही खोटं बोलल्यासारखे तिचे कान गरम झाले.

मंगळवारी ती पुन्हा दगडावर बसली. बुधवारीही. गुरुवारी तिच्या दगडावर दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. आडव्या बांध्याची, नर्सिंग होमच्या आयांची निळ्या काठाची साडी नेसलेली बाई, चपला बाजूला काढून पायाची बोटं दाबत होती. रत्नप्रभाला पाहून ती ताडकन उठली.

"तुमची जागा हाय का?"

"जागा कुणाची असतेय? बसा ना."

"लिमिटेडनं येता ना तुम्ही? मरोळला चढता. मी तुम्हाला बघते रोज. मी चकाल्याहून येते." आणि मग एकदम हसून, "घरी सांगितलं नाही मी. सव्वासहाला पोचते म्हणून. तुम्ही?"

"नाही," रत्नप्रभा म्हणाली, आणि चार दिवस लपवलेलं काहीतरी त्या एका शब्दाबरोबर बाहेर पडलं. दोघी हसत सुटल्या. कारण नसताना, शाळेतल्या पोरींसारख्या, तोंडावर पदर धरून.

तिचं नाव शांताबाई. नाल्यापलीकडं अकरा नंबरमध्ये राहायची. चार वर्षं दोघी एकाच वसाहतीत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या, यात नवल काही नव्हतं. एक ते सहा नंबरमध्ये कोकणातली, गिरण्यांतून उठून आलेली माणसं होती. सात ते बारामध्ये परभणी-जालन्याकडची बौद्ध कुटुंबं, संक्रमण शिबिरातून आलेली. अलीकडचे लोक डेपोकडच्या रस्त्यानं अंधारात घरी येत, पलीकडचे खाणीच्या वाटेनं. अलीकडं गणपती बसे, पलीकडं जयंतीला दिव्यांची माळ लागे. इकडचे तिकडची रोषणाई गॅलरीतून बघत. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा समोरासमोर यावं लागतं. 'तिकडचे' हा शब्द रत्नप्रभाच्या घरात साध्या सुरात वापरला जाई, जसं एखाद्यानं 'वरचे' किंवा 'मागचे' म्हणावं, आणि त्या साध्या सुराच्या आत काय आहे हे तिनं कधी बाटली उजेडात धरावी तसं धरून पाहिलं नव्हतं. आता दोन्हीकडची माणसं एकाच गाडीच्या एकाच पायरीवरून खाली उतरत होती. दोन्हीकडच्या बरोबर मध्ये, नाल्याच्या काठाशी.

गाडी वळवायला म्हणून तिथं मुरूम टाकून मोठं वर्तुळ सपाट केलं होतं. चाकं कडेकडेनं जात, आणि मधली जमीन तशीच मऊ, न तुडवलेली राही. दगडावरून उठून दोघी तिथं कधी आल्या ते रत्नप्रभाला पुढं आठवेना. एप्रिल लागला होता, ऊन आणखी लांबलं होतं. शांताबाई म्हणत होती, उभं राहून राहून पोटऱ्यांत गोळे येतात. रत्नप्रभा म्हणत होती, माझी मान. मग शांताबाईनं सहज विचारलं, लहानपणी काय करायचात तुम्ही? म्हणजे, कामाच्या आधी?

"पळायचे," रत्नप्रभा म्हणाली. "कबड्डी खेळायचे. लालबागला आमचा मुलींचा संघ होता."

"तुम्ही?" शांताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या अंगानं?"

"तेव्हा हे अंग नव्हतं, बाई!"

आणि त्या क्षणी, गाडी नुकतीच वळून गेलेली, धूळ अजून हवेत, तिच्या पायांना काहीतरी आठवलं. डोक्याला नव्हे, पायांना. चाळीच्या मागचं मैदान, पाणी मारून दाबलेली माती, अठरा वर्षांची रत्ना आणि दोरीपलीकडं दाटीनं उभी राहिलेली माणसं, 'रत्ना, लांब, लांब' म्हणून ओरडणारी. त्यांच्यातच एक मागावरचा पोरगा होता, तो कधी ओरडायचा नाही, नुसता बघायचा, आणि पुढं त्याच्याशीच लग्न झालं. लग्नानंतर खेळ सुटला. कुणी मनाई केली नव्हती. मनाई केली असती तर तिनं भांडण तरी केलं असतं. तो नुसता सुटला, जसं हातातून काही पडावं आणि पडल्याचा आवाज कुणालाच येऊ नये. अडतीस वर्षांच्या रत्नप्रभानं चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढली. पदर कमरेला खोचला.

"या, पकडा मला."

"खुळ्या का काय तुम्ही!"

"या तर."

ती रेघेवरून आत शिरली, ओठांतून तो शब्द सुरू झाला, कबड्डी कबड्डी कबड्डी, आधी कापरा, मग गोळीबंद, आणि शांताबाई आधी हसत मागं सरली, मग अचानक हसायची थांबली, खाली वाकली आणि तिनं रत्नप्रभाचा घोटा दोन्ही हातांनी असा धरला की तो जणू कुणा अडलेल्या बाईच्या पोटातून येणारं मूल होतं आणि ते सोडायचं नव्हतं. रत्नप्रभा तोंडावर आपटली. माती दातांत गेली. शांताबाई तिच्या पायावर आडवी झाली होती आणि घोटा सोडत नव्हती. चार वर्षांत त्या नाल्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बायकांनी एकमेकींचं बोटसुद्धा धरलं नव्हतं. ते त्या दोघींच्याही एकदम लक्षात आलं असावं, कारण दोघीही क्षणभर थबकल्या. मग शांताबाई म्हणाली, "लागलं का गं?" आणि त्या 'गं'नं काय ते मिटवून टाकलं.

"सोड आता, मुडदे," रत्नप्रभा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्या पाच झाल्या, मग नऊ. दोन नंबरमधली वनमाला, जी आधी फक्त पिशव्या सांभाळीन म्हणाली होती. शांताबाईची नणंद राधा, जिचे पाय हरणासारखे होते आणि जिला नियम कधीच कळले नाहीत. पाच नंबरमधली शकु. सगळ्या लिमिटेडच्या. पायरीवरून उतरायचं, पिशव्या खांबाशी ठेवायच्या, पदर खोचायचे. गाडी त्यांच्याभोवती गोल फिरून निघून जाई. अनंत नावाचा तो कंडक्टर घंटी मारायच्या आधी एखादी चढाई बघून घेई. उजेड असेपर्यंत खेळ, मग दोन नंबरच्या नळावर पाय धुणं, आणि आपापल्या घरी, जणू आत्ताच घाटकोपरची रांग सोडून आलो. वर्तुळाच्या कडेला हळूहळू आणखी काही साचू लागलं. गाडीतून उतरणारी माणसं आहेत म्हटल्यावर एक भाजीची हातगाडी आली. तिच्याशेजारी कमल नावाच्या बाईनं शिवणाचं मशीन मांडलं. पेपरवाला आला. दुपारच्या गाडीनं एक डॉक्टरीण येऊ लागली, आठवड्यातून दोनदा. सकाळच्या लिमिटेडला म्हातारी माणसं नुसती बसून पवईपर्यंत जाऊन परत यायची, तलाव बघायला. रत्नप्रभा कारखान्यात बाटल्या उजेडात धरी आणि तिच्या लक्षात येई की आपण गुणगुणतोय. एकदा सुपरवायझर म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?" "झकास आहे," ती म्हणाली.

फक्त घरी पोचल्यावर, साडेसातला, चहाचा कप हातात घेताना तिला कसंतरी होई. गुडघा खरचटलेला असे, ती तो साडीखाली लपवी. दशरथ कप पुढं करून पुन्हा खुर्चीत जाई; तो कुणाशी बोलत नसे, तेव्हा खेळाचं त्याच्या कानावर गेलं नसणार, असं ती धरून चालली होती. सांगावं, असं तिला रोज वाटे. काय सांगायचं? की रोज एक तास मी तुझ्यापासून लपून सुखात असते? संपानंतर त्याच्याकडून सगळं काढून घेतलं गेलं होतं; त्याला तो चहा साडेसातलाच द्यायचा असेल, तर तेवढं तरी त्याचं राहू दे. असं ती स्वतःला समजावी, आणि समजावताना तिला ठाऊक असे की हे पूर्ण खरं नाही. त्या तासात ती कुणाची बायको, आई, तपासनीस नव्हती. तो तास कुणाबरोबर वाटून घेतला तर उरेल का, याची तिला खात्री नव्हती.

मे महिना आला आणि अलीकडची अर्धी वसाहत गावाला गेली. ट्रंका, फणस आणायच्या रिकाम्या गोणी, पोरंबाळं. रत्नप्रभाकडं यंदा कुणाला रजा नव्हती. एका सोमवारी गाडीत खाकी कपड्यातला एक माणूस चढला, पुठ्ठ्यावर कागद लावलेला, आणि प्रत्येक थांब्यावर खुणा करू लागला. शेवटच्या थांब्याला तेरा माणसं उतरली. त्यानं तेरा खुणा केल्या आणि कागद दुमडला. तो पुढं गेल्यावर अनंत हळूच म्हणाला, "ताई, तीन महिन्यांच्या बोलीवर आहे ही गाडी. आठवडाभर मोजणारेत. असेच आकडे राहिले तर मुलुंडच्या डेपोवरच वळवतील. इथवर येणार नाही."

"पण आत्ता लोक गावाला गेलेत!"

"ते कागदावर कुठं लिहितात, ताई."

त्या दिवशी कुणी खेळलं नाही. बायका पिशव्या धरून वर्तुळात उभ्या राहिल्या. वनमाला रडायला आली होती. शांताबाई म्हणाली, "आपण दहाबाराजणी. कितीदा चढणार नि कितीदा उतरणार?" रत्नप्रभाला खाणीकडं जावंसं वाटलं, दगडावर बसावंसं वाटलं, आणि तिच्या ध्यानात आलं की एप्रिलपासून ती तिथं गेलीच नाही. एकटीनं बसायचा तास केव्हाच संपला होता. ती सरळ घरी गेली. सात वाजले होते. दशरथ खुर्चीत होता. तिला बघून तो दचकला नाही.

"अहो, ती नवी लिमिटेड बंद करणारेत."

"हं."

"मी त्याच गाडीनं येते. ती... सहा वीसला येते. म्हणजे रोज. मी रोज सहा वीसला येते."

दशरथनं तिच्याकडं पाहिलं. मग तो मालवणीत बोलला. संपानंतर तो घरात मालवणी बोललाच नव्हता, जणू ती भाषाही खोलीबरोबर लालबागलाच राहिली होती. "माका म्हायत आसा."

"काय?"

"पयल्या दिसापासना. गच्चीवर टाकीचो कॉक बघूक गेल्लंय. तू गाडीतसून उतरलंस आणि घराक न येता खाणीकडे गेलंस. माका वाटला, काय झाला हिका? खाली येतच होतंय. मगे बघलंय तर तू नुसती बसलंस. म्हटला, बसांदे."

रत्नप्रभा दारातच उभी होती, एक चप्पल पायात. "आणि रोज? गच्चीवरून?"

"रोज."

"मग मला कधी बोलला नाहीत! साडेसातला चहा ठेवत राहिलात!"

"तुका साडेसातक येवचा होता ना," तो म्हणाला. आणि मग, अगदी गंभीरपणे, "चढाई करताना तुझो डावो पाय मागे रवता. लालबागेत पण रवायचो. ती दांडगी बाय बरोबर तोच धरता."

ती हसली का रडली ते तिला नीट कळलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दशरथ उठला. खुंटीवरचा शर्ट त्यानं काढला. "ती दांडगी बाय खंय रवता?" त्यानं विचारलं. अकरा नंबर, ती म्हणाली. तिचे मिस्टर शिवदास, पालिकेच्या शाळेत मास्तर आहेत. दशरथ शर्टाची बटणं लावत जिना उतरला. गॅलरीतून ती बघत राहिली. तो नाल्यापाशी थांबला. पाइपांच्या पुलावर एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग पलीकडं गेला, आणि अकरा नंबरच्या खाली उभा राहून त्यानं मान वर करून हाक मारली. चार वर्षांनी तिनं तो आवाज ऐकला. "अहो शिवदास मास्तर! जरा या बाहेर!"

आठवडाभर ते दोघं दारोदार हिंडले, दोन्हीकडं. आधी एकमेकांना 'साहेब' म्हणत, बुधवारपर्यंत 'अरे'वर आले. खाणीच्या वाटेनं स्टेशनला चालत जाणारे पुरुष शंभराच्या वर होते. सवयीनं चालायचे, गाडी बायकांची आहे असं समजून. शिवदासनं शाळेच्या खडूनं प्रत्येक इमारतीच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लिहिलं. भीमराज नावाचा एक फिटर म्हणाला, चालल्यानं तब्येत राहते. दशरथनं त्याला सांगितलं, तब्येत रविवारी राख, शुक्रवारपर्यंत गाडीत बस. आणि शनिवारी सामना. ही कल्पना दशरथची. भांडुपच्या एका मंडळाच्या मुलींचा संघ त्याला गिरणीच्या ओळखीतून माहीत होता. त्यांना बोलवायचं, लिमिटेडनं, बघणाऱ्यांसकट. "त्या विशीतल्या पोरी," रत्नप्रभा म्हणाली, "आमचा चेंदा करतील." "करांदे," दशरथ म्हणाला. "चेंदो बघूक लोक येतीत."

आले. शनिवारी सहा वीसची गाडी शेवटच्या थांब्याला आली तेव्हा पुढच्या दारातूनही लोक लोंबकळत होते. खाकी कपड्यातला माणूस खाली उतरून पायरीशी उभा राहिला आणि खुणा करता करता त्याचा कागद भरला. त्यानं तो उलटा केला. भांडुपच्या मुली एकसारख्या निळ्या गंज्या घालून उतरल्या. वसाहतीच्या बायका साड्यांत. दशरथनं दुपारपासून उन्हात बसून फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, दोरी धरून, मागावर सूत लावावं तशा काटेकोर. शिवदास शाळेची शिट्टी घेऊन मधल्या रेघेवर होता. गॅलऱ्या दोन्हीकडच्या भरल्या होत्या.

ती गाडी राहिली. दिवाळीपर्यंत ती कायमची झाली आणि पुढच्या वर्षी सकाळची आणखी एक आली. पाइपांच्या जागी खरा पूल झाला. तीन नंबरच्या तळमजल्यावर बालवाडी निघाली, तिच्यात नाल्याच्या दोन्हीकडची पोरं एका सतरंजीवर झोपत. दुधाचं केंद्र, टपालाची पेटी, खांबांवर दिवे. आणि वर्तुळात दर शनिवारी सामना, ज्यात पुढं सुलक्षणा खेळली, आईपेक्षा कितीतरी सरस. सगळंच काही गोड झालं नाही. पूल झाल्यावर जयंतीची मिरवणूक अलीकडून न्यायची का यावर एक वर्ष अबोला झाला, आणि तो मोडायला दशरथ आणि शिवदासला पुन्हा जिने चढावे लागले. पण त्या शनिवारी यातलं सगळंच अजून व्हायचं होतं. त्या शनिवारी फक्त एवढंच होतं की वसाहत एकोणीस गुणांनी मागं होती, राधा चौथ्यांदा रेघेबाहेर गेली होती, शांताबाई बाद होऊन कडेला बसून ओरडत होती, आणि चढाईला रत्नप्रभा एकटी उरली होती.

ती आत शिरली. सात मुली समोर अर्धगोल धरून उभ्या, गुडघे वाकवलेल्या, हसू दाबणाऱ्या. कबड्डी कबड्डी कबड्डी. उजवीकडं हूल दिली, डावीकडं गेली, कुणाच्या तरी खांद्याला बोट लागलं, आणि कडेवरून एक आवाज आला, जो तिनं लालबागला कधीच ऐकला नव्हता, कारण तो माणूस तेव्हा ओरडायचा नाही: "रत्ना, डावो पाय!" तिनं डावा पाय ओढला. एकीचे हात हवेत मिटले. मग दुसरीनं कंबर धरली, तिसरीनं दंड, आणि सगळ्या सातजणी तिच्यावर आल्या, घामाच्या, मातीच्या, खोबरेल तेलाच्या वासाच्या, जड, तरण्या. ती पडली. पडताना पुढं झेपावली, हात लांब केले. फक्कीची रेघ वीतभर पुढं होती. दोन्हीकडच्या गॅलऱ्या एकच काहीतरी ओरडत होत्या. अनंतनं वेळ होऊनही घंटी मारली नव्हती. शिवदासनं शिट्टी ओठांशी नेली आणि तशीच धरून ठेवली. हरणार होतो हे ठरलेलंच होतं, गुण कुणी मोजत नव्हतं, पाठीवर सातजणींचं ओझं होतं आणि गाल मऊ मातीत रुतला होता, आणि रत्नप्रभा त्या मातीत तोंड घालून तो एकच शब्द म्हणत राहिली, बोटाबोटानं पुढं सरकत राहिली, कारण तिचा दम अजून संपला नव्हता.